आर्थर ग्रिफिथ : वृत्तपत्र आणि तह

आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यात आर्थर ग्रिफिथ (१८७१–१९२२) याचे नाव १९२१ च्या तहाशी इतके निगडित झाले आहे की, त्या तहाची वैचारिक पूर्वपीठिका त्याच्याच वृत्तपत्रीय लेखनात आढळते, याचा सहसा विसर पडतो.

डब्लिनच्या छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या ग्रिफिथने १८९९ मध्ये विल्यम रूनीच्या सहकार्याने ‘युनायटेड आयरिशमन’ हे साप्ताहिक काढले. १९०४ मध्ये त्यात हंगेरीविषयीची त्याची लेखमाला प्रसिद्ध झाली. व्हिएन्नाशी असहकार करून डेआकच्या नेतृत्वाखाली हंगेरीने १८६७ मध्ये स्वतःची संसद मिळविली. तद्वत् आयरिश प्रतिनिधींनी वेस्टमिन्स्टर सोडून डब्लिनमध्ये बसावे, दोन्ही देशांचा राजा एकच राहिला तरी हरकत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. १९०५ मध्ये आकारास आलेल्या ‘सिन फेन’, म्हणजे ‘आम्ही स्वतः’, या धोरणाचा पाया हाच होय. मग्यारांच्या सत्तेखालील स्लोव्हाक व रुमानियन यांची स्थिती मात्र या दृष्टांतात झाकली गेली. १९०४ मध्येच लिमरिकच्या ज्यूंवरील बहिष्काराला या पत्राने दिलेला पाठिंबाही विसरता येत नाही.

१९१४ च्या अखेरीस सरकारने त्याचे ‘सिन फेन’ पत्र बंद पाडले, तेव्हा इतर पत्रांतील उतारेच एकत्र छापणारे ‘सिझर्स अँड पेस्ट’ त्याने काढले. तेही १९१५ च्या आरंभी बंद करण्यात आले.

१९१६ च्या उठावात ग्रिफिथ सामील नव्हता. तरीही ब्रिटिशांनी त्या उठावाला ‘सिन फेन’चेच नाव दिले. ऑक्टोबर १९१७ मध्ये त्याने अध्यक्षपद डी व्हॅलेराकडे सोपविले व पक्षाने प्रजासत्ताकाचे ध्येय स्वीकारले. डिसेंबर १९१८ मध्ये ७३ जागांवर निवडून आलेले सदस्य वेस्टमिन्स्टरला गेले नाहीत. जानेवारी १९१९ मध्ये डब्लिनला ‘डॉल एरन’ भरली, तेव्हा ग्रिफिथ तुरुंगात होता. त्याचे तंत्र सफल झाले होते, पण ते आता निराळ्या ध्येयासाठी राबत होते.

तहाचा वाद येथूनच उगम पावतो. राजनिष्ठेच्या शपथेमुळे विरोधकांनी तहास विश्वासघात म्हटले. प्रजासत्ताकाच्या नावाने घेतलेली शपथ ग्रिफिथवरही बंधनकारक होती, म्हणून हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. तथापि राजाचे नाममात्र स्थान मान्य करणे ही १९०४ च्या भूमिकेशी सुसंगतच गोष्ट होती. ७ जानेवारी १९२२ रोजी ६४ विरुद्ध ५७ मतांनी तह संमत झाला आणि ग्रिफिथ ‘डॉल’चा अध्यक्ष झाला. यादवी युद्ध चालू असतानाच १२ ऑगस्ट रोजी तो निवर्तला. त्यानंतर दहा दिवसांनी मायकेल कॉलिन्स मारला गेला. ग्रिफिथचे मूल्यमापन केवळ तहाच्या स्वाक्षरीवरून करणे म्हणूनच अपुरे ठरते; त्या स्वाक्षरीमागील अठरा वर्षांचे लेखन गुणदोषांसह वाचणे अगत्याचे आहे.