कर्जबाजारी क्लब आणि त्याचे धनी

मँचेस्टर हें नांव महाराष्ट्रांतील जुन्या घरांत प्रथम शिरलें तें कापडाच्या ताग्याबरोबर. फुटबॉलमुळें तें घरोघर माहीत झालें, ही फार पुढची गोष्ट. ज्या क्लबानें हें घडविलें त्याच्या इतिहासाचीं पहिलीं पन्नास-साठ वर्षें चाळलीं, तर तेथें चषक थोडे आणि थकलेलीं देणीं फार, असें दिसतें.

१८७८ सालीं मँचेस्टरच्या न्यूटन हीथ भागांत, लँकाशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यांतील कामगारांनीं हा क्लब काढला. भागाचें नांव तेंच क्लबाचें नांव. पोषाख हिरवा व सोनेरी. १८९२ सालीं त्याला फुटबॉल लीगमध्यें प्रवेश मिळाला, आणि तेथेंच संकटाचें बीज पडलें. लीगमध्यें खेळावयाचें म्हणजे पगारी खेळाडू पोसावयाचे, परगांवच्या प्रवासाचा खर्च करावयाचा आणि हें सारें दारावर जमणाऱ्या पैशांतून भागवावयाचें. दोन वर्षांतच क्लब दुसऱ्या श्रेणींत घसरला. बँक स्ट्रीटवरील मैदान भोंवतालच्या कारखान्यांच्या धुरानें कोंदलेलें असे. अशा ठिकाणीं शनिवारची दुपार घालविण्यास कामगार तरी किती येणार?

जानेवारी १९०२ मध्यें न्यायालयानें क्लब मोडीत काढण्याचा हुकूम दिला. कर्ज होतें २,६७० पौंडांचें. न्यायालयाची पायरी चढणारा सावकार कोणी परका नव्हता. क्लबाचाच अध्यक्ष विल्यम हीली हा आपले दोनशें बेचाळीस पौंड मागत होता! मैदानाला कुलूप लागलें. ब्रिस्टलचा ठरलेला सामना चुकूं नये म्हणून कर्णधार हॅरी स्टॅफर्ड यानें वर्गणी जमवून संघ तिकडे नेला.

या स्टॅफर्डच्या कुत्र्याची एक गोष्ट मँचेस्टरमध्यें मोठ्या आवडीनें सांगितली जाते. १९०१ सालीं मदतीसाठीं भरलेल्या बाजारांतून तो सेंट बर्नार्ड जातीचा कुत्रा भरकटला, जॉन हेन्री डेव्हिस नांवाच्या श्रीमंत मद्योत्पादकाच्या हातीं लागला आणि त्याच्यामुळें धनी व कर्णधार यांची ओळख झाली. गोष्टीचे पाठ अनेक आहेत, तेव्हां ती थोडी राखूनच ऐकावी. मात्र डेव्हिस व आणखी तिघे व्यापारी प्रत्येकीं पांचशें पौंड घालण्यास तयार झाले, हें खरें. आणि त्याच्या मोबदल्यांत क्लबाच्या कारभारांत प्रत्यक्ष वाटा मागितला, हेंहि तितकेंच खरें. एप्रिल १९०२ मध्यें नांव 'मँचेस्टर युनायटेड' झालें, पोषाख तांबडा व पांढरा झाला. क्लब वांचला, पण रेल्वे-कामगारांच्या हातून तो कायमचा गेला. अध्यक्षपदीं डेव्हिस बसला.

नव्या धन्याचा हात सढळ होता. १९०३ सालीं चिटणीस म्हणून आलेल्या अर्नेस्ट मँग्नल यानें त्या पैशाचें सोनें केलें: १९०८ सालीं लीगचें अजिंक्यपद, १९०९ सालीं एफ्. ए. चषक. मग डेव्हिसनें सुमारें साठ हजार पौंड घालून ओल्ड ट्रॅफर्ड येथें ऐंशी हजार प्रेक्षकांचें मैदान उभारलें. १९ फेब्रुवारी १९१० रोजीं तेथें पहिला सामना झाला व तो लिव्हरपूलनें ४–३ असा जिंकला. एका माणसाच्या औदार्यावर उभारलेला हा डोलारा तो माणूस गेल्यावर कोण सांवरणार, हा प्रश्न त्या भरांत कोणास सुचला नसावा. १९१२ सालीं मँग्नल शेजारच्या मँचेस्टर सिटीकडे गेला. १९२७ सालीं डेव्हिस वारला.

त्यानंतरच्या चार वर्षांत क्लब पुन्हा मूळपदावर आला. व्यवस्थापक हर्बर्ट बॅमलेट हा पूर्वीचा नांवाजलेला पंच. १९१४ चा अंतिम सामना त्यानेंच खेळविला होता. पण शिट्टी वाजविणें निराळें आणि संघ चालविणें निराळें. १९३०–३१ च्या हंगामांत पहिले बाराहि सामने हरले. चाहत्यांनीं सभा भरवून चालकमंडळावर अविश्वास व्यक्त केला, आर्सेनलविरुद्धच्या सामन्यावर बहिष्कार पुकारला. तरी त्या दिवशीं वीस हजारांहून अधिक लोक आलेच. हंगामाच्या अखेरच्या सामन्यास मात्र चार हजारहि माणसें नव्हतीं. बहिष्कार पुकारून जें झालें नाहीं तें कंटाळ्यानें झालें. संघानें एकंदर ११५ गोल खाल्ले आणि तळाच्या जागीं राहून तो खालच्या श्रेणींत गेला.

बाहेरहि दिवस वाईट होते. लँकाशायरच्या गिरण्या बंद पडत होत्या. १९३१ च्या सप्टेंबरांत गांधीजी तेथील बेकार कामगारांना भेटले, ते याच दिवसांत. त्या नाताळांत खेळाडूंचे पगार देण्यास चिटणीस वॉल्टर क्रिकमर याच्याजवळ पैसा नव्हता आणि बँकेनें हात वर केले होते. अशा वेळीं गणवेश तयार करणारा कारखानदार जेम्स गिब्सन पुढें आला. त्यानें दोन हजार पौंड दिले, पगार भागविले, आणि जानेवारी १९३२ मध्यें सूत्रें हातीं घेतलीं.

येथवर डेव्हिसचीच पुनरावृत्ति वाटते. गिब्सननेंहि प्रथम खेळाडू विकत घेण्यावर पैसा ओतला. नवा व्यवस्थापक स्कॉट डंकन याच्या खरेदीचें फळ असें, कीं ५ मे १९३४ रोजीं मिलवॉलशीं शेवटचा सामना जिंकला नसता तर क्लब तिसऱ्या श्रेणींत गेला असता. तो २–० असा जिंकला गेला, आणि खालीं गेला तो मिलवॉल. ही धडकी गिब्सनला उपयोगी पडली असावी. कारण १९३८ सालीं त्यानें व क्रिकमरनें मुलांना क्लबांतच शिकवून तयार करण्यासाठीं स्वतंत्र संघ काढला. पैशाच्या जोडीला येथें प्रथमच धोरण आलें.

मार्च १९४१ च्या बाँबवर्षावांत ओल्ड ट्रॅफर्ड उध्वस्त झालें. युद्ध संपल्यावर सिटीच्या मैदानावर भाडें भरून खेळावें लागलें. अशा क्लबाला १९४५ सालीं मॅट बस्बी व्यवस्थापक म्हणून हवा होता. त्यानें तीन वर्षांऐवजीं पांच वर्षांचा करार मागितला, आणि संघनिवडींत चालकांनीं ढवळाढवळ करूं नये, अशी अट घातली. त्या काळीं बहुतेक क्लबांत संघ निवडीत ते चालकच. गिब्सननें मान्य केलें. पैसा देणाऱ्यानें आपला शब्द आवरता घेणें, ही गोष्ट दोन हजार पौंडांहून दुर्मिळ होती.

१९४८ च्या अंतिम सामन्यांत ब्लॅकपूलचा ४–२ असा पराभव करून संघानें चषक मिळविला. त्यांत रंगूनमध्यें जन्मलेल्या चार्ली मिटनसारखे, कोवळ्या वयांत क्लबांत आलेले खेळाडू होते. गिब्सन आजारी असल्यानें वेंब्लीस गेला नव्हता. परतीच्या वाटेवर संघ चषक घेऊन त्याच्या घरीं गेला.