एनर्जायझर्स
अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शाळांसाठी ईस्ट कॅरोलायना विद्यापीठात तयार झालेला वर्गव्यायामाचा उपक्रम. शिक्षक दिवसातून एकदा, वर्गातच, सुमारे १० मिनिटे मुलांकडून हालचाली करून घेतात. मैदान लागत नाही, कपडे बदलावे लागत नाहीत. पाढे, शब्द हेच उड्या मारण्यात आणि जागच्या जागी धावण्यात गुंफलेले असतात. मॅथ्यू महार व सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासात या मुलांची शाळेतील पावले इतरांपेक्षा रोज सुमारे ७८० ने जास्त भरली. वर्तनातला फरक त्याहून मोलाचा: अभ्यासात लक्ष असण्याचे प्रमाण सुमारे ७१ टक्क्यांवरून ७९ टक्क्यांवर गेले, आणि ज्यांचे लक्ष सर्वांत कमी, त्यांच्यात सुधारणा सर्वाधिक दिसली. नेमक्या याच मुलांना शिक्षा म्हणून मधल्या सुट्टीत वर्गात बसवून ठेवण्याची पद्धत म्हणूनच चुकीची आहे.