बसमधली जागा

मागे एकदा लेकीकडे अमेरिकेत, मिशिगनला, तीन महिने राहून आले. तिथे ज्याच्या त्याच्या दारात गाडी, बसनं कोण जातं? पण मला पडली एस.टी.ची सवय. पस्तीस वर्षं लाल डब्यानंच शाळेत गेले. म्हणून लेकीच्या मागे लागून एक दिवस तिथल्या बसमध्ये बसलेच.

बस थांब्याशी आली आणि उंटासारखी एका अंगाला खाली झुकली. म्हाताऱ्या माणसांना चढता यावं म्हणून! चालक एक काळी बाई होती. माझे पांढरे केस पाहून तिनं हातानंच पुढची जागा दाखवली. पुढच्या जागा वृद्धांसाठी आणि अपंगांसाठी, असं तिथे लिहिलेलंच होतं. मी ऐटीत बसले. लेक हसून म्हणाली, "आई, पुढची जागा मिळाली म्हणून खूश झालीस ना? चल, तुला एक बस दाखवते."

ती मला डेट्रॉईटजवळ डिअरबॉर्नला, हेन्री फोर्ड म्युझियममध्ये घेऊन गेली. तिथे एक जुनी हिरवी-पिवळी बस ठेवली आहे. नंबर २८५७. ही बस कित्येक वर्षं एका शेतात गंजत पडली होती आणि अवजारं ठेवायच्या कामी येत होती. २००१ साली म्युझियमनं ती लिलावात चार लाख ब्याण्णव हजार डॉलरला घेतली. एवढे पैसे का? तर १ डिसेंबर १९५५ ला अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात याच बसमध्ये रोझा पार्क्स आपल्या जागेवरून उठली नाही.

ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली होती. "दमलेली होती बिचारी, म्हणून उठली नाही," असं सांगायचे. ते चूक होतं. तिनंच पुढे लिहून ठेवलं आहे की अंगानं ती काही फार दमलेली नव्हती, दबून राहण्याला कंटाळली होती. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. एका दुकानात शिवणकाम करायची आणि काळ्यांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेची गावातली चिटणीसही होती.

तिथला नियम कसा होता बघा. पुढच्या दहा जागा गोऱ्यांच्या. त्या रिकाम्या असल्या तरी काळ्यांनी बसायचं नाही. मधल्या जागांवर काळ्यांनी बसावं, पण गोरा आला की उठावं. पुष्कळदा तर पुढच्या दारातून चढून पैसे द्यायचे, मग खाली उतरून मागच्या दारानं पुन्हा चढायचं. तेवढ्यात बस निघूनही जायची! पैसे मात्र दोघांनाही सारखेच. त्या दिवशी एका गोऱ्या माणसासाठी चालकानं चौघांना उठायला सांगितलं. तिघं उठले, रोझा उठली नाही. याच चालकानं बारा वर्षांपूर्वी तिला पुढच्या दारानं चढली म्हणून खाली उतरवलं होतं.

तिला अटक झाली आणि चौदा डॉलरचा दंड ठोठावला गेला. त्याच रात्री गावातल्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन या बाईंनी कॉलेजच्या सायक्लोस्टाईल यंत्रावर रात्रभर जागून हजारो पत्रकं काढली. सोमवारी कोणी बसमध्ये बसू नका! सोमवारी बसगाड्या रिकाम्या धावल्या, आणि मग तब्बल ३८१ दिवस काळी माणसं बसमध्ये चढली नाहीत. कामवाल्या बाया मैलोन्‌मैल पायी गेल्या. ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांनी इतरांना नेलं. शेवटी सुप्रीम कोर्टानं तो कायदाच रद्द ठरवला आणि २१ डिसेंबर १९५६ ला मार्टिन ल्यूथर किंग पुढच्या दारानं बसमध्ये चढले.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना हे परदेशातलं कशाला आठवलं? पण मंडळी, या गोष्टीचं एक टोक आपल्या वर्ध्यात आहे.

पीटरमॅरिट्झबर्गला गांधीजींना गाडीतून उतरवलं, हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. पण त्याच १८९३ सालच्या प्रवासात, लगेच पुढे, जे झालं ते फारसं कोणी सांगत नाही. चार्ल्सटाऊनपासून पुढे रेल्वे नव्हती, घोड्यांचा डाक-टांगा होता, म्हणजे तेव्हाची बसच. गोऱ्यांबरोबर आत नको म्हणून गांधीजींना बाहेर, हाकणाऱ्याच्या शेजारी बसवलं. ते त्यांनी सोसलं. पारडेकोपला टांग्याच्या प्रमुखाला तीच जागा विडी ओढायला हवी झाली. त्यानं पायरीवर मळकं पोतं अंथरलं आणि यावर बस म्हणाला. गांधीजी नाही म्हणाले. त्यानं मारलं, ओढलं, पण गांधीजींनी पितळी दांडा सोडला नाही. शेवटी आतले गोरे उतारूच म्हणाले, सोड त्याला.

तोच माणूस त्रेचाळीस वर्षांनी आपल्या जिल्ह्यात शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहत होता. १९३६ च्या अगदी शेवटी बेंजामिन मेज नावाचे काळे प्राध्यापक अमेरिकेहून त्यांना भेटायला वर्ध्याला आले. दीड तास बोलणं झालं. मेज यांनी विचारलं की आम्ही थोडे, समोरचे पुष्कळ, मग अहिंसेनं काय होणार? गांधीजींचं म्हणणं असं, की अहिंसेच्या वाटेनं थोड्यांनाच जास्त करता येतं. पुढे हे मेज अटलांटातल्या मोअरहाऊस कॉलेजचे अध्यक्ष झाले आणि १९४४ साली त्या कॉलेजात पंधरा वर्षांचा एक विद्यार्थी आला. तोच मार्टिन ल्यूथर किंग.

दुसरं टोक नागपूरला. जेम्स लॉसन नावाचे तरुण काळे मिशनरी १९५३ पासून हिस्लॉप कॉलेजात होते. डिसेंबर १९५५ मध्ये नागपूरच्या वर्तमानपत्रात त्यांनी माँटगोमेरीची बातमी वाचली आणि आनंदानं उडीच मारली. पुढच्या वर्षी ते परत गेले, किंगना भेटले आणि नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना मार खाऊनही हात न उचलण्याचं शिक्षण देऊ लागले. १९६१ साली काळे आणि गोरे तरुण मुद्दाम एकत्र बसून लांबच्या बसगाड्यांतून दक्षिणेत निघाले. ॲनिस्टनजवळ त्यांची बस जाळली, तरी नॅशव्हिलच्या मुलांनी तो प्रवास पुढे नेला. माँटगोमेरीहून जॅक्सनला निघालेल्या बसमध्ये स्वतः लॉसनही होते. हे लॉसन २०२४ साली वारले.

इथपर्यंत अभिमानानं सांगता येतं. पण मेज यांच्याच आत्मचरित्रात एक प्रसंग आहे. त्याच दौऱ्यात भारतातल्या अस्पृश्य मुलांच्या एका शाळेत त्यांची ओळख करून देताना हेडमास्तर म्हणाले, हे अमेरिकेतले अस्पृश्य. मेज आधी चिडले. मग त्यांना वाटलं, खरंच की!

बाबासाहेबांच्या आठवणींतही गाड्या आहेत. १९०१ साली मसूर स्टेशनवर महाराची पोरं म्हणून एकही गाडीवाला तयार होईना. शेवटी एक जण तयार झाला तो दुप्पट भाडं घेऊन, आणि गाडी पोरांनीच हाकायची, तो शेजारून पायी चालणार! १९२९ साली चाळीसगावला, बॅरिस्टर झाल्यावरही, टांगेवाला त्यांना बसवून न्यायला तयार नव्हता. वस्तीतल्या माणसानं सवय नसताना टांगा हाकला आणि अपघात झाला. माँटगोमेरीचा बहिष्कार चालूच होता तेव्हा, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात दीक्षा झाली.

हे सगळं मी का उगाळते आहे, ते आता सांगते.

१९७९ साल असेल. वर्ध्याहून देवळीकडे जाणारी गाडी. माझ्या शेजारची जागा रिकामी. वाटेत एका फाट्यावर माझ्या सातवीतली एक मुलगी आजीला घेऊन चढली. कापूस वेचून परतत होत्या. म्हातारी चढली ती सरळ इंजिनाजवळ खालीच बसली. मुलगी माझ्याजवळ आली. "बाई, माह्या आजीले इथं बसू देता का?" मी काही बोलायच्या आत मागच्या ओळखीच्या गृहस्थांनी हसत सांगितलं, "राहू दे पोरी, तिले खालीच बरं वाटते."

आणि मी खिडकीबाहेर बघायला लागले.

एवढंच. कोणी ओरडलं नाही, मारलं नाही. म्हातारीजवळही माझ्याएवढंच तिकीट होतं. मुलगी उतरेपर्यंत आजीजवळ उभी राहिली. पुढच्याच आठवड्यात मी सातवीला गांधीजींचा आगगाडीचा प्रसंग रंगवून शिकवला. ती शेवटच्या बाकावर होती. तिनं वर पाहिलं नाही.

डिअरबॉर्नच्या त्या बसमध्ये कोणालाही बसता येतं. लोक रोझाच्या जागेवर बसून फोटो काढत होते. लेक म्हणाली, "आई, बस ना!" मी मागेच बसले. मनात आलं, माँटगोमेरीचा नियम कागदावर होता, म्हणून तो कोर्टात नेता आला. आमच्या गाडीतला नियम कुठंच लिहिलेला नव्हता. उलट अस्पृश्यता बंद, असं घटनेतच लिहिलेलं होतं. तरी तो त्या म्हातारीला ठाऊक होता, मागच्या गृहस्थांना ठाऊक होता, कंडक्टरला ठाऊक होता. आणि मलाही. तो मोडायला कोर्ट लागत नव्हतं. मी जरा सरकून "या आजी" म्हटलं असतं तरी पुरे होतं.

ती मुलगी आता साठीला आली असेल. कुठे असते, ठाऊक नाही. आजी तर केव्हाच गेली असणार. त्या दिवशी आपल्या फाट्यावर उतरताना ती माझ्याकडे वळून म्हणाली होती, "येतो बाई." मी मानेनंच हो म्हटलं.