लहान चर्चमंडळी, मोठा मावळ: नव्या वर्षात संपर्क कसा ठेवायचा?

मावळातली एखादी लहान चर्चमंडळी म्हणजे साधारण तीस-चाळीस कुटुंबं. पण ती एका गावात नसतात. कुणी लोणावळ्यात, कुणी मळवलीला, कुणी कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगावला, तर कुणी थेट देहूरोडला. लोकलच्या एका रेषेवर विखुरलेली ही माणसं. त्यात पोरं नोकरीसाठी पुण्यात किंवा दुबईत, आणि एखादं घर अंदर मावळात किंवा पवन मावळात, जिथे डोंगराआड गेलं की फोनची रेंज जाते. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला सगळे भेटतात, नव्या वर्षाच्या शुभेच्छा देतात, आणि मग फेब्रुवारीपर्यंत अर्ध्या लोकांचं एकमेकांशी बोलणं होत नाही. फोन सगळ्यांकडे असूनही हे का होतं आणि काय बदलता येतं, ते बघू.

आधी एक जुनी गोष्ट. सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर येणारं 'आजचं वचन' ही कल्पना मोबाईलची नाही. जर्मनीतल्या हर्नहूट गावात मोरावियन पंथाच्या लोकांनी १७२८ साली रोज एक वचन ठरवून ते घरोघरी जाऊन सांगायला सुरुवात केली. १७३१ पासून अख्ख्या वर्षाची वचनं आधीच छापून मिळू लागली, आणि ते पुस्तक आजही दरवर्षी निघतं. यात एक फरक महत्त्वाचा आहे. तिथे वचन कुणीतरी दारात येऊन सांगत होतं, म्हणजे घरात कोण आजारी आहे हेही त्याला कळत होतं. आपल्या ग्रुपवर फुलांचा फोटो येतो, त्याखाली वीस जण हात जोडतात, आणि कोण तीन महिने दिसलं नाही हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

एकच ग्रुप पुरत नाही

बहुतेक मंडळींचा एकच ग्रुप असतो आणि त्यात सगळंच पडतं: उपासनेची वेळ, वाढदिवस, फॉरवर्ड, राजकारण. मग लोक ग्रुप म्यूट करतात आणि वेळ बदलल्याची सूचनाही हुकते. सोपा उपाय म्हणजे दोन ग्रुप. सूचनांच्या ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन मेसेज फक्त ॲडमिनला पाठवता येतील असं करा. गप्पांचा ग्रुप वेगळा. महिला मंडळ, तरुण संघ, संडे स्कूल असे अजून ग्रुप असतील तर व्हॉट्सॲपची 'कम्युनिटी' वापरा. त्यात हे सगळे एका छत्राखाली येतात आणि एक सूचना एकदाच टाकली की सर्वांना जाते. रविवारची वेळ आणि शास्त्रपाठ ३० दिवसांसाठी पिन करून ठेवता येतो.

'ब्रॉडकास्ट लिस्ट' अनेकांना आवडते, पण तिची एक अट माहीत हवी. एका यादीत २५६ जण बसतात, मात्र ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. पाळकसाहेब बदलून आले आणि नवा नंबर कुणी सेव्हच केला नाही, तर त्यांचा मेसेज अर्ध्या घरांत जाणारच नाही. 'चॅनल' मात्र या कामाचं नाही. ते एकतर्फी आणि खुलं असतं.

साध्या फोनवाल्या आजी

मला विचाराल तर सगळ्यात जास्त कष्ट इथे घ्यावेत. बटणांच्या फोनवर एसएमएस जातो, पण मराठीत लिहिताना हिशेब बदलतो. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, पाय मोडण्याचं चिन्ह वेगवेगळं मोजलं जातं. 'प्रार्थना' हा शब्द दिसायला छोटा, पण मोजणीत ९. म्हणून 'रविवारी उपासना सकाळी ९ ला' एवढंच लिहा. लांब मजकूर अनेक एसएमएसमध्ये तुटून पॅक संपवतो. बहुतेक प्रीपेड पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएस असतात, लहान मंडळीला तेवढे पुरतात. पूर्वी ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला एसएमएस पॅक चालत नसे, प्रत्येक शुभेच्छेचे वेगळे पैसे कटायचे, हे वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल.

पण आजींना एसएमएसपेक्षा फोन हवा असतो. ऑनलाइन एक तक्ता बनवा, गूगल शीट चालेल. रकाने तीनच: कुटुंब, कोण फोन करणार, शेवटचं बोलणं कधी झालं. पाच जणांनी आठ-आठ घरं वाटून घेतली तर महिन्यात चाळीस घरांशी बोलणं होतं. तिसऱ्या रकान्यात तारीख जुनी दिसली की समजायचं, इथे जायला हवं.

३१ डिसेंबरची रात्र आणि लाईव्ह

लोणावळ्यात या रात्री काय गर्दी असते ते इथल्यांना सांगायला नको. एका टॉवरची क्षमता त्याच्या कक्षेतल्या सगळ्या फोनमध्ये वाटली जाते. हॉटेलं आणि बंगले भरले की फोनवर रेंजच्या चारही कांड्या दिसतात, पण व्हिडिओ फिरतच राहतो. म्हणून रात्री साडेअकराला मोबाईल डेटावर लाईव्ह करण्याच्या भानगडीत पडू नका. चर्चमध्ये किंवा शेजारी फायबरचं वायफाय असेल तर गोष्ट वेगळी.

नसेल तर आवाज पाठवा. १.५ एमबीपीएसचा व्हिडिओ तासाला सुमारे ६७५ एमबी खातो, ४० केबीपीएसचा नुसता आवाज १८ एमबी. नाणे मावळातल्या कमकुवत रेंजवरही आवाज बऱ्याचदा टिकतो. व्हॉट्सॲप कॉलमध्ये ३२ जण येतात. गूगल मीटच्या मोफत खात्यावर तिघांपेक्षा जास्त किंवा तिघे असले तर ६० मिनिटं आणि झूमवर ४० मिनिटं मिळतात, म्हणजे दीड तासाची उपासना मध्येच तुटणार. सर्वात खात्रीचा मार्ग: फोनवर रेकॉर्ड करा आणि १ तारखेला सकाळी यूट्यूबवर 'अनलिस्टेड' म्हणून टाका. लिंक ज्यांच्याकडे आहे तेच बघतील. लहान मुलांचे चेहरे दिसत असतील तर आईवडिलांना आधी विचारा.

गाण्यांचं काय? भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची पदं पेटी-तबल्यावर गाऊन टाकायला अडचण नाही. पण एखाद्या अल्बमचं रेकॉर्डिंग मागे वाजवलं तर त्या रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो, आणि यूट्यूब तो आवाज ओळखून दावा लावू शकतं.

प्रार्थनेची विनंती ही खाजगी माहिती आहे

'अमुकच्या सुनेचं ऑपरेशन आहे, प्रार्थना करा' हा मेसेज प्रेमानेच टाकलेला असतो. पण तो चाळीस घरांत जातो, तिथून पुढे नातेवाइकांत, आणि कधीकधी ज्या घरी सांगायचंच नव्हतं तिथेही. आजार, कर्ज, लग्नाची बोलणी, नोकरी जाणं, हे त्या माणसाला विचारल्याशिवाय लिहू नये. प्रार्थनेसाठी चार-पाच जणांचा छोटा ग्रुप ठेवा आणि त्यात मेसेज ७ दिवसांनी आपोआप जातील असं सेटिंग करा. अर्थात स्क्रीनशॉट कुणीही घेऊ शकतो. हे सेटिंग फक्त जुना मजकूर साठू देत नाही.

शुभेच्छांसोबत येणारी फसवणूक

नवीन वर्षाच्या शुभेच्छा म्हणून 'एपीके' फाईल आली तर उघडू नका. ते फोनमध्ये बसणारं ॲप असतं आणि तुमचे ओटीपी वाचू शकतं. दुसरा प्रकार मंडळींसाठी जास्त धोक्याचा: पाळकांचा फोटो लावलेल्या अनोळखी नंबरवरून 'तातडीने पैसे हवेत' असा मेसेज. अशा वेळी जुन्या नंबरवर फोन करूनच खात्री करायची, हे रविवारच्या सूचनांमध्ये एकदा मोठ्याने सांगा. ॲडमिनने व्हॉट्सॲपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करावं आणि नोंदणीचा सहा आकडी कोड कुणालाही देऊ नये. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

ॲडमिन मात्र कायम दोन ठेवा, आणि दोघे एकाच घरातले नकोत. तक्ता आणि यूट्यूब खातं मंडळीच्या नावाच्या वेगळ्या ईमेलवर असावं. नाहीतर सेक्रेटरी बदलले की त्यांच्या फोनसोबत अख्खी यादीही जाते.