वॉरहॅमर फँटसी : काही वर्षांनी परत येताय? आधी या गोष्टी तपासा

वॉरहॅमर हा टेबलावर खेळायचा युद्धाचा खेळ. छोटे सैनिक आपणच चिकटवायचे, रंगवायचे आणि फासे अन् मोजपट्टी घेऊन लढवायचे. ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने तो १९८३ मध्ये आणला. मी अकरावीत असताना टूम्ब किंग्ज, म्हणजे वाळवंटातल्या सांगाड्यांची सेना, जमवायला लागलो. पुढे इंजिनिअरिंग, मग नोकरी. बॉक्स माळ्यावर गेला. परत काढला तेव्हा पहिला प्रश्न हाच होता : पॉकेटमनी आणि सुट्ट्या खर्चून रंगवलेली ही सेना आता चालते का? चालते, पण आधी चार गोष्टी बघा.

१. कोणता खेळ खेळायचाय?
जुना खेळ २०१५ मध्ये बंद झाला आणि त्याच्या जागी एज ऑफ सिग्मार आला. त्यात बेस गोल असतात आणि सैनिक मोकळे फिरतात. त्याची चौथी आवृत्ती २०२४ मध्ये आली. त्याच वर्षी जानेवारीत द ओल्ड वर्ल्ड आला. यात जुन्यासारखेच चौकोनी बेस, रांगा करून चालणाऱ्या तुकड्या, आणि शत्रूच्या बाजूने किंवा पिछाडीने हल्ला केल्याचा फायदा. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर सिग्मार म्हणजे सगळं नव्याने लिहिलेलं ॲप, आणि ओल्ड वर्ल्ड म्हणजे जुन्याच कोडवरून पुढे नेलेलं व्हर्जन.

२. तुमच्या सेनेला सपोर्ट आहे का?
सिग्मारमधून टूम्ब किंग्ज बाहेर पडले, पण ओल्ड वर्ल्डच्या सुरुवातीच्या सेनांमध्ये ब्रेटोनियाबरोबर तेच होते. स्केव्हन, लिझर्डमेन, डार्क एल्व्ह्ज अशा सात सेनांचे ओल्ड वर्ल्डचे नियम मात्र फक्त मोफत पीडीएफमध्ये मिळाले. खेळता येतं, पण पुढचे अपडेट गृहीत धरू नका. यातल्या स्केव्हनसारख्या काही सेना सिग्मारमध्ये पूर्ण सपोर्टसह आहेत. म्हणून आधी सेना बघा, मग खेळ निवडा.

३. बेसचं माप
इथेच जुने खेळाडू अडतात. माझे सांगाडे २० मिमी बेसवर होते, ओल्ड वर्ल्डमध्ये त्यांना २५ मिमी लागतो. लगेच पाय कापून नवे बेस चिकटवू नका, ठिसूळ सांगाडे घोट्यातच मोडतात. त्याऐवजी ॲडॅप्टर ट्रे वापरा. हा खाचा असलेला तुकडीचा ट्रे असतो. जुना बेस खाचेत बसतो आणि सैनिकांमधलं अंतर नव्या मापाचं होतं. कुठे स्पर्धेत उतरणार असाल, तर ट्रे चालतो का हे आयोजकांना आधी विचारा.

४. फोनवर काय लागेल?
प्रत्येक सैनिकाला पॉइंट्स असतात आणि ठरलेल्या पॉइंट्समध्ये सेना बसवावी लागते. ओल्ड वर्ल्ड बिल्डर आणि न्यू रिक्रूट ही दोन्ही फोनच्या ब्राउझरमध्ये चालतात आणि बेरीज स्वतःच करतात. पण ती चाहत्यांनी बनवलेली आहेत. त्यामुळे खेळायच्या आधी कंपनीच्या साइटवरची ताजी दुरुस्ती-पीडीएफ उतरवून पॉइंट्स एकदा ताडून बघा. जुन्या फोल्डरमधली पीडीएफ वापरू नका.

एवढं होईपर्यंत नवीन काहीच विकत घेऊ नका. आणि जुनी सेना भंगारात किंवा स्वस्तात तर अजिबात काढू नका. टूम्ब किंग्ज बंद पडले, तेव्हा ते परत येतील असं कुणाला वाटलं होतं?