निष्कास झडपेचे मिश्रधातू आणि शिसेयुक्त पेट्रोल : एक ऐतिहासिक वेध

अंतर्ज्वलन एंजिनाच्या इतिहासात दट्ट्या, कार्ब्युरेटर व ठिणगी यांविषयी विपुल लेखन झाले आहे. झडपेच्या वाट्याला मात्र बहुधा आकृतीतील एक नाव तेवढे येते. वास्तविक एंजिनातील अत्यंत खडतर काम निष्कास झडपेकडे असते. अंतर्ग्रहण झडपेवरून थंड मिश्रण वाहते, तर निष्कास झडपेवरून जळते वायू. चार स्ट्रोकचे एंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असता ही झडप मिनिटाला १५०० वेळा उघडते आणि तितक्याच वेळा बैठकीवर आदळते. तिचे शीर्ष ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. ही उष्णता मुख्यतः झडप बैठकीला टेकलेली असते तेवढ्याच क्षणात बाहेर पडू शकते. तेथे फट राहिली की कड जळून जाते. गॅरेजमध्ये ‘वॉल जळला’ असे म्हणतात ते हेच. या झडपेच्या धातूचा मागोवा घेतला असता असे आढळते की, प्रत्येक मिश्रधातू हे त्या काळच्या इंधनाला दिलेले उत्तर होते. विशेषतः शिसेयुक्त पेट्रोल आणि झडप यांचा संबंध दिसतो त्याहून गुंतागुंतीचा असून तो उलगडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच्या मोटारींत झडपा साध्या कार्बन पोलादाच्या असत. काहींत पोलादी दांड्यावर बिडाचे शीर्ष बसवलेले असे. एंजिनातील संपीडन अल्प असल्याने ते निभावून जाई. पहिल्या महायुद्धातील विमानांनी ही स्थिती पालटली. टंगस्टनयुक्त पोलाद तापल्यावरही कठीण राही, परंतु त्यावर ऑक्साइडाची खपली धरून ती गळून पडे. शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये सुमारे १३ टक्के क्रोमियमचे न गंजणारे पोलाद सिद्ध केले होते. आज आपण त्याचा संबंध सुरी-काट्यांशी जोडतो; युद्धकाळात मात्र ते विमानाच्या एंजिनातील निष्कास झडपांसाठी वापरले गेले. त्यातही एक उणीव होती. अतितप्त होऊन थंड होताना हे पोलाद हवेतच कठीण आणि ठिसूळ बनत असे. त्यावरील उपाय म्हणजे सिलिकॉन. सुमारे ८.५ टक्के क्रोमियम व ३ टक्क्यांहून थोडे अधिक सिलिकॉन असलेले ‘सिलक्रोम’ पोलाद १९२० च्या दशकात मोटारींच्या झडपांसाठी रूढ झाले. सिलिकॉनमुळे पोलादाची अंतर्रचना बदलण्याचे तापमान वर सरकले आणि खपलीही कमी धरू लागली.

याच दशकात ओहायो राज्यातील डेटन या एकाच शहरात दोन घटना घडल्या. इंग्लंडहून १९२१ मध्ये अमेरिकेत आलेले अभियंते सॅम हेरॉन तेथील मॅकुक फील्डवर झडप आतून थंड ठेवण्याचे प्रयोग करीत होते. झडप पोकळ करून तिच्यात त्यांनी आधी क्षारांचे मिश्रण आणि पुढे सोडियम भरले. सोडियम ९८ अंशांना वितळते. झडपेच्या हालचालीबरोबर ते वरखाली हिंदकळते आणि शीर्षातील उष्णता दांड्याकडे वाहून नेते. शक्तिशाली मोटारींत ही युक्ती आजही वापरात आहे. दुसरी घटना इंधनाची. जनरल मोटर्सच्या तेथील प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये असे आढळले की, टेट्राएथिल लेड अत्यल्प प्रमाणात मिसळल्यास पेट्रोलची ‘ठोठो’ थांबते. फेब्रुवारी १९२३ मध्ये असे पेट्रोल डेटनमध्येच प्रथम विक्रीस आले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे ते द्रव्य बनवणारे पाच कामगार विषबाधेने मृत्युमुखी पडले. डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी जाहीर विरोध केला, तरीही विक्री अल्पकाळच थांबली.

शिशामुळे संपीडन वाढवता आले, मोटारी वेगवान झाल्या, आणि झडपेवर नवे संकट आले. शिसे सिलिंडरात साचू नये म्हणून पेट्रोलमध्ये एथिलीन डायब्रोमाइड घालीत. तरीही शिशाची ऑक्साइडे व ब्रोमाइडे झडपेवर बसतच. तप्त लेड ऑक्साइड क्रोमियमचा संरक्षक थर विरघळवते. सिलिकॉनशी संयोग पावून तर ते सहज वितळणारे सिलिकेट बनवते. ज्या सिलिकॉनने झडप तारली होती तेच आता तिला बाधू लागले. कोबाल्टयुक्त स्टेलाइटचा लेप कडेवर देणे हा एक मार्ग होता, पण तो महाग होता. १९५० च्या दशकात ‘२१-४ एन’ हे पोलाद आले. त्यात २१ टक्के क्रोमियम, सुमारे ४ टक्के निकल, ९ टक्के मँगॅनीज आणि थोडा नायट्रोजन असतो. सिलिकॉन मात्र पाव टक्क्याच्या आत राखलेले. त्या काळी दुर्मिळ असलेल्या निकलची बचत मँगॅनीज व नायट्रोजन यांनी साधली आणि सिलिकॉन घटवून शिशाचा मारा सोसला. एका इंधनद्रव्याची अशी स्पष्ट खूण धातूच्या घटकांत क्वचितच सापडते.

या कथेची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. शिशाचे तेच थर झडप आणि बिडाची बैठक यांच्यामध्ये पातळ अस्तरासारखे काम करीत. ते नसेल तर तापलेल्या बैठकीचे लोहकण झडपेला चिकटतात, उखडतात आणि बैठकीलाच घासू लागतात. बैठक खोल जाते, झडपेचे अंतर संपते, ती पुरती मिटेनाशी होते आणि जळते. म्हणजे शिसे झडपेला खाई आणि बैठकीला जपे. शिसे काढण्याची मागणी पुढे येताच ‘जुन्या गाड्यांच्या बैठका खराब होतील’ हा आक्षेप वारंवार घेतला गेला. तो निराधार नव्हता. परंतु त्यावर उपाय उपलब्ध होता. बैठक विद्युत्प्रवर्तनाने कठीण करणे किंवा तिच्या जागी कठीण मिश्रधातूचे कडे बसवणे हे तंत्र ज्ञात होते. दुसऱ्या पारड्यात काय होते? क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये मानवी शरीरातील शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट असल्याचे मांडले. हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ मध्ये मुलांच्या दातांतील शिशाचा संबंध त्यांच्या बुद्ध्यंकाशी दाखवला. बैठकीच्या कड्याची किंमत आणि मुलांच्या मेंदूची हानी एकाच तराजूत तोलली जात होती. तरीही अमेरिकेत निर्णायक धक्का दिला तो उत्प्रेरक परिवर्तकाने. १९७५ सालच्या मोटारींत तो आला, आणि शिशाने त्यातील प्लॅटिनम निकामी होते. मुलांच्या आधी प्लॅटिनमची दखल घेतली गेली, असे म्हणणे कटू असले तरी फारसे चुकीचे नाही.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेवढेच उरले. या बदलास सर्वोच्च न्यायालयातील एम. सी. मेहता यांच्या याचिकेची पार्श्वभूमी होती. मूळच्या ब्रिटिश बी-सिरीज एंजिनाच्या अँबॅसडरसारख्या, बिडाचे शीर्ष असलेल्या जुन्या गाड्यांना बैठकीचा प्रश्न लागू होता. अॅल्युमिनियमच्या शीर्षात मुळातच वेगळे कडे बसवावे लागत असल्याने तेथे तो सौम्य होता. बिडाच्या शीर्षात खाच कातून कठीण कडे ठोकणे आणि पेस्ट लावून झडप घासून बसवणे हे काम कसबी कारागिराच्या आवाक्यातील होते. जगातील मोटारींसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल अखेर जुलै २०२१ मध्ये अल्जीरियात संपले.

‘२१-४ एन’ मात्र शिशाबरोबर गेले नाही. आजच्या अनेक झडपांत शीर्ष या पोलादाचे आणि दांडा कठीण करता येणाऱ्या क्रोमियम-सिलिकॉन पोलादाचा असून दोन्ही घर्षणाने जोडलेले असतात. २००० नंतर मुंबईच्या टॅक्सी मोठ्या संख्येने सीएनजीवर आल्या तेव्हा बैठकीचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला, कारण हा वायू कोरडा. त्याच्या ज्वलनातून बैठकीवर अस्तर धरत नाही. या वेळी उत्तर बैठकीच्या कड्याच्या धातूतच शोधले गेले, इंधनात काही मिसळून नव्हे.