बहुरूपी पीसी

मंडळी, आपल्या पवईच्या आयआयटीत सत्तरच्या दशकात ईसी-1030 नावाचं एक सोव्हिएत कॉम्प्युटर होतं. त्याची गंमत अशी की ते आयबीएम 360 च्या आज्ञा समजायचं. सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रदेशांनी ते मुद्दाम तसं घडवलं होतं, म्हणजे तिकडचे प्रोग्रॅम आयते चालावेत. शीतयुद्ध चालू असताना हा उद्योग! मला याचं फार हसू येतं.

अर्थात तिथे लोखंडच तसं बनवलेलं होतं. एकाच यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रं चालवण्याची युक्ती खुद्द आयबीएमवाल्यांनी 1967 च्या सुमारास साधली, आणि 1972 मध्ये व्हीएम/370 म्हणून बाजारात आणली. ही सगळी मोठ्या मेनफ्रेमची मिजास. घरच्या पीसीवर हा खेळ यायला बराच काळ गेला.

मग 2003 मध्ये फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने क्यूईएमयू लिहिलं. मुक्त सॉफ्टवेअर, फुकट. ते परक्या प्रोसेसरच्या आज्ञांचा एकेक तुकडा घेऊन आपल्या प्रोसेसरच्या भाषेत उतरवतं आणि ते भाषांतर जपून ठेवतं. तोच तुकडा पुन्हा आला की तयार भाषांतर वापरायचं. आपल्याकडे म्हण आहे ना, सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं आणता येत नाही. इथे वेगाचं आणता येत नाही. भाषांतराला वेळ लागतोच. 2007 मध्ये लिनक्समध्ये केव्हीएम आलं, त्यामुळे पीसीने पीसीचंच सोंग घ्यायचं असेल तर प्रोसेसर थेट मदतीला येतो. मला त्याची गरज पडली नाही. 1999 चा पीसी आजच्या मशीनला नुसत्या भाषांतरानेही झेपतो.

1999 च का? कारण काका. मुलुंडच्या घरी, लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेल्या पीसीवर त्यांनी गावच्या आठवणी टाइप केल्या होत्या. विंडोज 98 ला देवनागरी युनिकोड येत नव्हतं. प्रत्येक मराठी सॉफ्टवेअरवाला इंग्रजी अक्षरांच्या जागी आपली अक्षरं बसवायचा, आणि प्रत्येकाची बैठक निराळी. त्यामुळे आज ती फाइल उघडली तर नुसती चिन्हांची रांगोळी दिसते. ज्या प्रोग्रॅममध्ये ती केली, तो नव्या विंडोजवर चालत नाही. पीसी केव्हाच भंगारात गेला. काकाही आता नाहीत.

तर क्यूईएमयूला 256 एमबी मेमरी दिली, 2 जीबीची एक फाइल हार्ड डिस्क म्हणून दिली, पडद्यासाठी जुनं सिरस लॉजिक कार्ड दाखवलं. काकांच्याच सीडीवरून विंडोज 98 चढवलं, मग तो प्रोग्रॅम, मग फ्लॉपीची प्रत. एकतीस पानं, अनुस्वारांसकट जशीच्या तशी.

आता ती युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करतोय, रोज दोन पानं. बाराव्या पानावर 'बापूंच्या पडवीतला हार्मोनियम' असा उल्लेख आहे. हे बापू कोण? आत्या, तुला आठवत असेल तर फोन कर.